जुन्या गाडीचे वंगण

वंगण ही साहित्याला फारशी न मानवणारी वस्तू. तेलाला मान मिळाला तो समईत, फार तर केसांत. आसाला घातलेल्या तेलाचे कौतुक करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. पण ज्याच्या घरी जुनी गाडी आहे त्याला हा विषय टाळून चालत नाही. आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी ती वीस वर्षे भाड्याने चालविली. आम्हा भावंडांच्या फिया आणि ताईचे लग्न, सारे तिच्याच चार चाकांवरून आले. गेल्या वर्षी इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागल्या. तेव्हा बाबा म्हणाले, "आता पुन्हा इंजिन उघडायला पैसे नाहीत. तेल कोणते घालायचे ते तूच विचार करून सांग." मी यंत्रशास्त्र शिकतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

पक्ष दोन होते. दुकानदार म्हणाला, "सिंथेटिक घाला, इंजिन लोण्यासारखे चालेल." किंमत मात्र साध्या तेलाच्या कितीतरी पट. उलट आमच्या मेस्त्रीमामांचे म्हणणे, "हळे गाडिगे हळे एण्णे!" कन्नड विभागातल्या मित्रांना यातली गंमत सांगायला नको. शब्दशः घेतले तर काढलेले काळे तेलच पुन्हा ओतावे लागेल! मामांना अभिप्रेत होते ते जुन्या पद्धतीचे, खनिज तेल.

खनिज तेल भूगर्भातल्या कच्च्या तेलापासून गाळून काढतात. त्यात लहानमोठे सर्व प्रकारचे रेणू असतात. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियेने जवळजवळ एकसारखे घडवलेले. निदान मूळ अर्थ तरी हाच. १९९९ साली अमेरिकेत दोन तेल कंपन्यांचा यावर वाद झाला आणि विशेष प्रक्रिया केलेल्या खनिज तेलालाही सिंथेटिक म्हणायला तिथल्या जाहिरात-नियामक मंडळाने हरकत घेतली नाही. तेव्हा डब्यावरच्या एका शब्दावर भुलण्यात अर्थ नाही.

सिंथेटिक तेलाचे दोन गुण मोठे. कडक थंडीत ते गोठत नाही आणि उष्णतेने लवकर बिघडत नाही. डब्यावर '५डब्ल्यू-३०' असे लिहिलेले असते, त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. आकडा जितका लहान तितके तेल थंडीत पातळ. पण बेळगावचा हिवाळा स्वेटरपुरता! इथे हा गुण वाया जातो. राहिले दीर्घायुष्य. पद्मिनीला कार्बोरेटर आहे. सकाळी चोक ओढला की न जळलेले थोडे पेट्रोल रिंगांच्या कडेने खाली तेलात उतरते, सोबत काजळीही जाते. तेल कितीही टिकाऊ असो, त्यात मिसळलेली घाण काही टिकाऊपणाने जात नाही. ते ठरल्या वेळी बदलावेच लागणार. मग दीर्घायुष्याचे पैसे का मोजावेत?

मामांचे भय निराळे होते: सिंथेटिकने सील गळतात. सुरुवातीच्या काळात यात तथ्य होते, ती तेले रबर आकसवीत. आजच्या तेलांत त्यावर उपाय केलेला असतो. आता गळते ते बहुधा सील आधीच झिजलेले असते म्हणून, आणि तेल फार पातळ निवडले म्हणून. जुन्या इंजिनात झिजेमुळे फटी रुंदावतात. त्यात पातळ तेलाचा दाब टिकत नाही.

आणखी एक गोष्ट मला पुस्तकात सापडली. या इंजिनात कॅमवर टॅपेट घासत सरकतात. त्यांना जपणारे जस्त व फॉस्फरसचे एक संयुग तेलात मिसळलेले असते. नव्या गाड्यांच्या धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून २००४ सालच्या मानकापासून पातळ तेलांतील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. आमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही! २०डब्ल्यू-४० सारख्या जाड तेलांना ही मर्यादा लागू नाही. म्हणजे खरा प्रश्न सिंथेटिक की साधे हा नव्हताच. जाडी किती आणि आत काय मिसळले आहे, हा होता.

मी २०डब्ल्यू-४० खनिज तेल सुचविले. वाचलेल्या पैशांत दर तीन हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. पण हा निवाडा सर्वांना लागू नाही. माझा एक मित्र एप्रिलच्या उन्हात बुलेटवरून चोर्ला घाट चढतो. त्या इंजिनाला पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंडावा मिळतो. तिथे उष्णता सोसणाऱ्या तेलाचे पैसे वसूल होतात. फक्त तिचा क्लच तेलातच बुडालेला, म्हणून डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहून घ्यावी, नाहीतर क्लच घसरतो.

मित्रहो, जुने ते सोने म्हणणारे आणि नवे तेच खरे म्हणणारे, दोघेही यंत्राला काय हवे ते विचारायचे विसरतात. मेस्त्रीमामांचा सल्ला बरोबर निघाला, कारण मात्र वेगळे होते. बाबांनी माझे सगळे म्हणणे शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "तेल किती आहे ते बघणार कोण?" तेव्हापासून दर रविवारी सकाळी डिपस्टिक पुसून पाहण्याचे काम माझ्याकडे आहे.