ताळा

१८ नोव्हेंबर
दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मागेच भरला. आज गणिताची दोन्ही पुस्तकं आणली. शाळा सुटून बावीस वर्षं झाली.

२० नोव्हेंबर
पान उघडलं, मिटलं. मशीनवर बसले. तीन ब्लाउज झाले.

२४ नोव्हेंबर
सर म्हणाले, "ताई, क्षला भिऊ नका. छातीचं माप घेतलंत, पुढे काय करता?" म्हटलं, चौथा भाग घेते, दीड इंच माया सोडते. छत्तीसला साडेदहा, अडतीसला अकरा. सरांनी फळ्यावर मांडलं: क्ष भागिले ४ अधिक दीड. बघतच राहिले. हे तर मी रोज करते.

९ डिसेंबर
उणे गुणिले उणे अधिक. पाठ आहे. पटत नाही.

१० डिसेंबर
पाचशेचे तीन हप्ते माफ झाले, तर देणं तीनदा गेलं. हाती दीड हजार जास्त. पटलं.

२८ डिसेंबर
माहेरी. दादा नव्या खोलीची आखणी करत होता. कोपऱ्यापासून एका सुतावर ३ फुटांवर खूण, दुसऱ्यावर ४. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजलं, बरोबर ५. "गुण्यात आला," म्हणाला. म्हणजे काटकोन. ९ आणि १६, पंचवीस! त्याला पायथागोरस सांगितला. तो म्हणाला, "मोठ्या खोलीला ६, ८, १० धर. चूक कमी राहते."

११ जानेवारी
सरांनी लीलावतीतलं उदाहरण दिलं. भास्कराचार्यांचं, ११५० च्या सुमाराचं. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. किती उंचीवर मोडला? उभा भाग क्ष, मोडलेला ३२ वजा क्ष. क्षचा वर्ग दोन्हीकडून गेला. ६४ क्ष बरोबर ७६८. बारा हात! ताळा: १४४ अधिक २५६, चारशे. विसाचा वर्ग. रात्रीचे साडेबारा वाजलेत. कुणाला उठवून सांगू?

२ फेब्रुवारी
सराव पेपर. ४० पैकी १९. क्षचा वर्ग वजा ५ क्ष अधिक ६ बरोबर शून्य. उत्तरं हवीत २ आणि ३, मी दोन्ही उणे लिहिली. उणे २ ठेवून पाहिलं असतं तर वीस आले असते, शून्य नाही. रडू आलं. कापड कापण्याआधी दोनदा मोजते. इथे एकदाही नाही मोजलं.

३ फेब्रुवारी
दहा समीकरणं. दहाही ताळ्यासकट.

४ मार्च
उद्या भाग १. शिलाई बंद. लेकीने पेन्सिलींना टोक काढून ठेवलं.

५ मार्च
शेवटचा प्रश्न राहिला. वर्गसमीकरणाचा ताळा जुळला. परवा भूमिती.