आधी मूळ चाल!

गेल्या नवरात्रात आम्ही मैत्रिणींनी भोंडल्याची गाणी पुस्तकातून पाठ केली आणि गरब्याच्या ठेक्यावर बसवली. पाटावरच्या हत्तीभोवती तीन टाळ्यांचा फेर धरला. सगळ्यांनी कौतुक केले. आजी मात्र म्हणाल्या, "छान! आता मूळ चालीवर म्हणा पाहू." आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. ती चाल आम्हांला येतच नव्हती.

मग आजींनी अण्णासाहेब किर्लोस्करांविषयी सांगितले. कानडी मुलखात वाढलेल्या अण्णासाहेबांनी 'संगीत सौभद्र' (१८८२) नाटकात कानडी चालींवर मराठी पदे रचली. त्या चाली कानात मुरलेल्या, म्हणून मराठी शब्द त्यांत सहज बसले.

यंदा आम्ही आधी आजींकडून जुनी चाल शिकणार, मग गरब्याचा ठेका धरणार. बडोदेकरांना दोन्ही यायला हवे ना!