पेठेची पायरी

सन १९७९ च्या जून महिन्यात, आपल्या शाळेच्या वसतिगृहात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, बाबा मला कर्जतच्या बाजारपेठेत घेऊन गेले. आमचे गाव खालापूर तालुक्यातले. दोन खाकी चड्ड्या, दोन पांढरे सदरे, पत्र्याची पेटी आणि सतरंजी अशी यादी शाळेने दिली होती. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.

ती पेठ आजच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची नाही. कौलारू घरे; खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानांना शटर नव्हते. उंबऱ्याच्या खाचेत एकेक फळी सरकवून दुकान बंद होई आणि फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत. पुढे दगडी जोते, दोन-तीन पायऱ्या, वर गादी, गल्ला आणि टांगलेला तराजू. ही पेठ रेल्वेने वाढवली. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, १८६३ साली तो बोरघाट चढून गेला. घाटासाठी जादा इंजिन जोडायला गाड्या कर्जतला थांबू लागल्या. दिवाडकरांचा बटाटेवडा मुंबई-पुण्याच्या प्रवाशांच्या तोंडी बसला, तो या थांब्यामुळेच. खेड्यांतून भात, गवत, लाकूडफाटा पेठेत उतरे. मीठ, कापड, रॉकेल खेड्यांकडे जाई.

कापडाच्या दुकानात मी पायऱ्या चढून थेट गादीशी गेलो. शेठनी सदरा माझ्या पाठीला लावून पाहिला. मागे वळलो, तर बाबा छत्री धरून रस्त्यातच उभे होते.

“वर या ना, बसा,” शेठ म्हणाले.

“इथंच बरं हाय, शेठ.”

शेठनी सांगितलेली किंमत बाबांनी हात उंचावून, खालूनच, निमूटपणे दिली. मला त्यांची लाज वाटली. हे लिहितानाही जड जाते.

पुढे आठवीत नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी संविधानाचा १५ वा अनुच्छेद समजावून दिला. जातीच्या कारणावरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात आहे. मला हसू आले. देशाच्या एवढ्या थोर ग्रंथात वाण्याच्या दुकानाचा उल्लेख कशाला? सर रागावले नाहीत. म्हणाले, “दिवाळीच्या सुट्टीत घरी जाशील, तेव्हा आजोबांना विचार.”

आजोबांनी सांगितले. त्यांच्या तरुणपणी आपल्या माणसांनी पायरी चढायची नसे. खाली उभे राहून जिन्नस मागायचा, पैसे पायरीवर ठेवायचे. त्यांवर पाणी शिंपडून मगच ते उचलले जात. मीठ-मिरची वरून पदरात टाकली जाई. मी अपमानाबद्दल काही बोलू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले.

“खालनं तराजूचा काटा दिसत नाय, पोरा. ज्याला काटा दिसत नाय, त्यानं भाव काय करायचा?”

त्या वाक्याने मला तो अनुच्छेद समजला. धान्य हाताळून पाहणे, वजन निरखणे, महाग आहे म्हणून दुसऱ्या दुकानी जाणे, हे सारे पायरीच्या वर होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्याचा एक हिशेब त्या दीड हात उंचीत होता. १९२७ साली आपल्याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १९५० साली संविधान लागू झाले. १९५५ च्या कायद्याने दुकानात मज्जाव करणे हा गुन्हा ठरला. वरून “या, बसा” असे बोलावणेही आले होते. तरी बाबांचे पाय खालीच थबकले होते. ज्याची मला लाज वाटली, ती त्यांची भित्रेपणाची खूण नव्हती. आजोबांच्या बोटाला धरून पेठेत आलेल्या मुलाची ती सवय होती.

नोकरीचा पहिला पगार झाला, तेव्हा मी बाबांना त्याच दुकानात नेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पायऱ्या चढले, गादीवर बसले. धोतराचा पोत त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिला आणि “फार सांगता, शेठ,” असे म्हणाले. पाव तास घासाघीस चालली. शेवटी पाच रुपये सुटले. परतीच्या एस. टी.त त्यांनी शेजारच्या माणसाला ती किंमत तीनदा सांगितली.

आता बहुतेक ठिकाणी फळ्या जाऊन शटर आणि काचा आल्या आहेत. आमच्या तुकडीचे मित्र भेटले की जुन्या पेठेसाठी हळहळतात. त्या लाकूडकामासाठी मीही हळहळतो, पायऱ्यांसाठी नाही. मात्र त्या विसरल्या जाऊ नयेत. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असतील, तर ते कोणत्या पेठेत, कोणत्या पायरीखाली उभे राहत, हे त्यांना विचारून लिहून ठेवा. विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत.