राडारोडा कुठे जाणार?

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटसाठी सध्या सह्या गोळा करणं चालू आहे. तळमजला अधिक तीन मजले, ४८ खोल्या, प्रत्येकी साधारण १६० चौरस फूट. इमारत १९४० च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या भाषेत ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त. चाळीतला मुलगा कॉम्प्युटरवाला असल्यामुळे एक्सेल शीट करायचं काम ओघाने माझ्याकडे आलं. कोणाला किती कार्पेट, कॉर्पस फंड किती, तीन-चार वर्षं बाहेर राहायचं तर भाडं किती. ते करता करता मी त्याच फाइलमध्ये आणखी एक शीट उघडली आणि तिला नाव दिलं ‘बेट’.

यूट्यूबवर एक प्रकारचे व्हिडिओ खूप चालतात. कोणीतरी जोडपं एखाद्या निर्जन बेटावर जातं, वाऱ्याने पडलेल्या झाडांचं लाकूड वापरतं, छपरावर सोलर बसवतं, पावसाचं पाणी टाकीत साठवतं आणि निसर्गाला कमीत कमी धक्का लावून घर बांधतं. मीही ते बघतो, चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने. गंमत ही की बघणारा मीसुद्धा बेटावरच राहतो. फक्त ते आता बेटासारखं दिसत नाही.

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. ही सात बेटं शाळेत पाठ केलेली असतात, पण खरी आठवण नावांनी जपली आहे. पायधुणी म्हणजे खाडी ओलांडून आल्यावर पाय धुवायची जागा. उमरखाडीत खाडी आहेच. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध वरळीपाशी पुरा झाला आणि भरतीचं पाणी आत शिरायचा मोठा रस्ता बंद झाला. बांध सारखा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी प्रभू या इंजिनीअरच्या स्वप्नात महालक्ष्मी आली आणि समुद्रातली मूर्ती बाहेर काढल्यावरच काम टिकलं, अशी दंतकथा आहे. त्यानंतरची सगळी मुंबई म्हणजे भराव. आमच्या बाजूला तर नावं बागायतीची आहेत: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. झाडं गेली, वाड्या राहिल्या.

तेव्हा आपल्या बेटावर ‘धक्का न लावता’ बांधायची वेळ दोनशे वर्षांपूर्वीच टळून गेली आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की दुसऱ्यांदा बांधताना किती धक्का लावायचा आणि तो कोणाला बसणार.

बेटावरच्या घराचा हिशोब सोपा असतो. सगळं बाहेरून येतं आणि नको ते सगळं बाहेर जातं. आमची चाळही याला अपवाद नव्हती. तिचे खांब सागवानी आहेत. त्या काळच्या मुंबईत असं लाकूड थेट ब्रह्मदेशाच्या जंगलातून जहाजाने यायचं. छपराची कौलं मंगळुरी. भिंतींना चुन्याचा गिलावा. चुना भाजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण गिलावा सुकून कडक होताना त्यातला बराचसा परत शोषतो. सिमेंटचं तसं नाही. चुनखडी भट्टीत तापवली की तिच्यातूनच हा वायू बाहेर पडतो, इंधनाचा धूर वेगळाच. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे.

मी शीटमध्ये आकडे टाकले. नव्या इमारतीत आमचे फ्लॅट, विक्रीचे फ्लॅट, पार्किंगचे मजले असं सगळं मिळून ६०,००० चौरस फूट बांधकाम धरलं. कॉन्ट्रॅक्टर लोकांचा ठोकताळा चौरस फुटाला ०.४ पोती सिमेंट. म्हणजे २४,००० पोती, १,२०० टन. फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट वापरलं तरी टनामागे ०.६ टन कार्बन डायऑक्साइड धरायला हवा. झाले ७२० टन. उंच टॉवरला सिमेंट आणखी जास्त लागतं, त्यामुळे हा आकडा कमीच आहे.

मग पाडकाम. जुनी इमारत पाडली की चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो असं धरतात. गॅलऱ्या आणि जिने धरून आमची चाळ साधारण ९३० चौरस मीटरची. म्हणजे २८० ते ४६५ टन. दहा टनांचे तीस-चाळीस ट्रक.

हे ट्रक कुठे जाणार? मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं. खालच्या मजल्यावरचे काका, मिलमधून रिटायर झालेले, हसून म्हणाले, “अरे बाळा, आधी संडास घरात येऊ दे. मग पर्यावरण.”

आणि काकांचं म्हणणं खोटं नाही. माझी आई ६२ वर्षांची आहे. तिचे गुडघे गेलेत. रात्री उठून गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं, पावसाळ्यात ओल्या लादीवरून, भिंतीला हात धरून. पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, तेव्हा पिंपं भरायची. कमी जागा, कमी पाणी, कमी वीज, एका छपराखाली ४८ घरं. कागदावर आमच्याइतकी पर्यावरणस्नेही वसाहत शोधून सापडणार नाही. पण तो साधेपणा आईने निवडलेला नाही. तिला नवं घर मिळायलाच हवं, आणि सही करणाऱ्यांत मीही आहे.

म्हणूनच प्रश्न सही करण्याआधी विचारायचे असतात. मिलच्या जमिनींचं उदाहरण समोर आहे. १९९१ च्या नियमावलीत एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला असं सूत्र होतं. २००१ मध्ये त्यात बदल झाला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची राहिली, आणि परळ-लालबागला मिळू शकणारी मोकळी जमीन हातातून गेली. पाणी मुरायला माती उरली नाही. माझी मावशी हिंदमाताजवळ राहते. तिथे आता पावसाचं पाणी साठवायला महापालिकेने परळ-दादरच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. जे काम माती फुकटात करत होती त्यासाठी आता पंप लागतात.

आमच्या आवारात मागच्या बाजूला एक विहीर आहे, लोखंडी झाकणाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलेरियाच्या भीतीने मुंबईतली कित्येक तळी आणि विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. आमची झाकणावर वाचली. नव्या प्लॅनमध्ये तिच्यावर पार्किंगचा पोडियम होता, हद्दीपासून हद्दीपर्यंत. नळाला येणारं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, भातसा आणि वैतरणेच्या खोऱ्यातून, आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्या पाण्याने फ्लश करायचं आणि स्वतःची विहीर गाड्यांखाली गाडायची, हे काकांनाही पटलं नाही. ते लहानपणी त्या विहिरीवर आंघोळ करायचे.

शेवटी मी तीन कलमं लिहून नेली. पहिलं, चाळ जेसीबीने न पाडता हाताने उतरवायची. सागवान, कौलं, फरश्या वेगळ्या काढायच्या. जुन्या सागवानाला भाव असतोच, तेव्हा याला बिल्डरचा विरोध नव्हता. ज्यांना हवं त्यांनी आपापल्या दाराची फळी ठेवून घ्यावी असंही ठरलं. दुसरं, राडाराेड्याच्या प्रत्येक ट्रकचं चलन सोसायटीला दाखवायचं. केंद्रीय नियमांनुसार राडारोडा ठरलेल्या जागीच गेला पाहिजे, पण रात्री कुठल्यातरी खाडीकाठी तिवरांत रिकामा झालेला ट्रक आपण सगळ्यांनी पाहिलाय. यावर बरीच घासाघीस झाली आणि ते मान्य झालं. तिसरं, विहीर आणि तिच्याभोवतीची माती उघडी ठेवायची, छपराचं पाणी तिच्यात सोडायचं. त्यासाठी चार गाड्यांची जागा जाते. हे अजून अडलं आहे. विक्रीच्या फ्लॅटबरोबर पार्किंग द्यावं लागतं, आणि गाडीच्या जागेला गिरगावात काय भाव आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

या तीन कलमांनी ७२० टनांचा आकडा फारसा हलत नाही. तो शीटमध्ये तसाच लाल रंगात आहे. पण तीस-चाळीस ट्रक तिवरांत जाणार नाहीत, आणि चार गाड्यांएवढी माती कदाचित उघडी राहील.

पुढची मीटिंग रविवारी आहे. तिसऱ्या कलमावर मी बोलणार नाही, काका बोलणार आहेत. विहिरीला पाणी किती हात खोल आहे ते मला माहीत नव्हतं. त्यांनी दोरी सोडून मोजून ठेवलंय.