दोन वह्या, दोन नावे

जीन ऱ्हिस यांची 'वाइड सर्गासो सी' ही १९६६ सालची कादंबरी आपल्याकडे फारशी वाचली गेलेली नाही. लेखिकेचा जन्म कॅरिबियन समुद्रातील डोमिनिका बेटावरचा. वडील वेल्श डॉक्टर, आई तेथल्याच जुन्या मळेवाल्या घराण्यातील. त्यांच्या नायिकेचे, अँटोनेटचे, दुखणे असे की, नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय तिला आपली मानीत नाहीत आणि इंग्रज तर मुळीच मानीत नाहीत. इंग्रज नवरा तिचे नावच बदलतो, तिला बर्था म्हणू लागतो. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मधील माळ्यावर कोंडलेली वेडी ती हीच! कोणाला तिच्या वेडात रस वाटेल. आम्हांला तो नावाचा प्रसंग अधिक बोचला.

कारण आम्ही बजाजनगरचे. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आधाराने ही वसाहत वाढली आणि रविवारच्या मिस्साला वसईचे डिमेलो व मराठवाड्यातले साळवे एका बाकावर बसू लागले. डिमेलोंना हटकून विचारले जाते, "तुम्ही गोव्याचे का? मराठी छान बोलता हो!" पोर्तुगीज आडनाव येण्याच्या आधीपासून त्यांच्या घरात मराठीचीच बोली आहे, हे किती वेळा सांगायचे? तरी हा प्रश्न हसण्यावारी नेता येतो.

साळव्यांचा नेता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेरच आहेत. गावच्या विहिरीवर आजोबांना जे सोसावे लागले ते बाप्तिस्म्याने थांबले नाही. सवलत मात्र थांबली. म्हणून एखाद्या घरात चर्चच्या नोंदवहीत जोसेफ असतो आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळेच नाव. अशांना 'अर्धे ख्रिस्ती' म्हणणारे आपल्यातही आहेत. आम्हांला ते बोलणे पटत नाही. अँटोनेटचे नाव दुसऱ्याने बदलले. येथे लेकराच्या शिक्षणापायी बापालाच ते आपल्या हाताने लिहावे लागते.

बाप्तिस्म्याला ख्रिस्ती नाव द्यावे, ते दिले नाही तर धर्मगुरूंनी संताचे नाव जोडावे, असा पूर्वी नियम होता. १९८३ च्या कॅनन कायद्याने तो ठेवला नाही. नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे करुणा, आनंद अशी नावे आता दोन्ही वह्यांत सारखीच लिहिता येतात. नावापुढचा जातीचा रकाना मात्र तसाच आहे, आणि तेथे पोहोचल्यावर साळव्यांचे पेन अजूनही थांबते.