न वाजणारी पेटी

जयंतीचे कार्यक्रम आटोपले की आमच्या शहापुरात एक नवी विचारणा सुरू होते. गायन पार्टीत कोरस धरणारा, पेटीवर बसणारा किंवा नुसता मोबाइलवर ठेके जुळवणारा एखादा मुलगा घरी येतो आणि विचारतो, "तुमच्याकडे ती मिडी आहे ना जी? आम्ही कोणती घ्यावी?" पाठोपाठ त्याचे आईवडील येतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "एवढे पैसे घालून ते वाजते तरी का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वाचक बंधू-भगिनींच्या घरीही ते आज ना उद्या निघतील, म्हणून आम्ही काय पाहिले, काय नाकारले आणि काय घेतले ते येथे मांडत आहोत.

आधी आईवडिलांचे उत्तर. ते वाजत नाही. मिडी कंट्रोलर दिसतो कॅसिओसारखा, परंतु त्याच्या पोटात ना स्पीकर असतो, ना सूर. पट्टी दाबली की तो तारेतून संगणकाला निरोप देतो: अमुक सूर दाबला, एवढ्या जोराने दाबला, आता सोडला. जोरही आकड्यात सांगतो, १ ते १२७. प्रत्यक्ष आवाज काढण्याचे काम संगणकातला किंवा मोबाइलमधला प्रोग्राम करतो. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने मुलाच्या हट्टापायी असा कीबोर्ड मागवला, मांडवातल्या स्पीकरला जोडून पाहिला, आणि बिघडलेला माल म्हणून परत पाठवला. माल चांगलाच होता. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

ही निरोपाची भाषा १९८३ सालची. त्याआधी एका कंपनीच्या वाद्याला सहसा दुसऱ्या कंपनीच्या वाद्याचे कळत नसे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलँडचे ज्युपिटर-६ ही दोन वाद्ये तारेने जोडून दाखवली गेली. गंमत अशी की त्याच सुमारास, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग या सिनेमातल्या वादकाने रोलँडचीच तीन यंत्रे जुळवून दहा रागांची डिस्को ठेक्यावरची तबकडी काढली होती. ती तेव्हा फारशी कोणी विकत घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर वाखाणली गेली. तसली यंत्रे त्या काळी सिनेमाच्या वादकांनाच परवडत. आज भंडाऱ्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या आमच्या दोन खोल्यांत आमची थोरली तीच भाषा वापरते.

आम्हाला हे वाद्य कशासाठी हवे होते, ते सांगितल्याशिवाय आमची निवड कळणार नाही. घरातले वडीलधारे, मुलांचे आबाजी, आता ७८ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते गायन पार्टीत होते. सायकलवर पेटी बांधून पवनी, लाखनी, साकोलीपर्यंत कार्यक्रमाला जात. त्यांच्या वहीत स्वतः रचलेली २३ गाणी आहेत. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, त्यावरचे एक गाणे त्यात आहे. ते आबाजींनी आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या हकिगतीवर रचले. यातले एकही गाणे कधी ध्वनिमुद्रित झाले नाही. तीन गाण्यांची चाल आबाजींना आता आठवत नाही. शब्द वहीत आहेत, चाल गेली. तेव्हापासून थोरलीने धोशा लावला की उरलेली वीस तरी धरून ठेवू.

नागपूरला स्टुडिओत तासावर पैसे मोजावे लागतात, आणि आबाजींना दमा आहे. दोन कडवी म्हटली की त्यांना थांबावे लागते. तासाचा काटा काही त्यांच्यासाठी थांबत नाही. तेव्हा घरीच करायचे ठरले. बचत गटातून दहा हजार उचलले. ते फेडायचे होते, म्हणून दहाचे अकरा होऊ द्यायचे नाहीत, हेही ठरले.

कोणीही दुकानात जाण्याआधी घरातली माळ्यावरची धूळ खाणारी कॅसिओ किंवा यामाहा खाली काढावी. मागे प्रिंटरच्या तारेसारखे चौकोनी भोक, मोबाइलसारखे बारीक यूएसबीचे भोक किंवा जुन्या वाद्यांना असते तसे पाच टाचण्यांचे गोल भोक असेल, तर बहुधा तीच मिडीचे काम करते. कंट्रोलर घ्यायची गरजच नाही, तारेचा खर्च तेवढा. फक्त एक पाहावे: हळू दाबले तर हळू आणि जोरात दाबले तर मोठा आवाज येतो का? कॅसिओचीच उदाहरणे घ्या. सीटी-एस३०० मध्ये हे आहे, सीटी-एस२०० मध्ये नाही. आमच्याकडे होती ती लहान मुलांची, तिला भोकच नव्हते.

मग आम्ही बर्डीवर गेलो. दुकानदाराने आधी छोटे नग काढले. अकाईचा एमपीके मिनी, आर्टुरियाचा मिनीलॅब, नोव्हेशनचा लाँचकी मिनी. २५ पट्ट्या, रंगीत दिवे, रबरी चौकोन, फिरवायच्या गुंड्या. "नवीन पोट्टे हेच घेऊन राहिले," तो म्हणाला. थोरलीने बसून पाहिले आणि तिची बोटे एकमेकांत अडकली. कारण सरळ आहे. ती पेटीवर शिकलेली. पेटीची पट्टी रुंद, आणि सूर तीन सप्तकांहून थोडे अधिक. या छोट्यांची पट्टी अरुंद आणि सप्तके दोनच; तिसऱ्यात जायला बटण दाबावे लागते. ज्याला नुसते ठेके आणि तुकडे जुळवायचे आहेत, ज्याने आधी काहीच वाजवलेले नाही, त्याला हे छोटे वाद्य उत्तम. ते दप्तरात मावते. परंतु पेटीवर बसलेल्या बोटांना ते देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत झाले. पूर्ण रुंदीच्या ४९ पट्ट्या घ्याव्यात. ६१ घेतल्या तर वाईट नाही, पण आमच्या टेबलावर त्या मावत नव्हत्या.

एक फरक मात्र सवयीने अंगवळणी पडतो. पेटीवर जोर डाव्या हाताच्या भात्यात असतो, बोटात नसतो. येथे भाता नाही. पहिले आठ दिवस थोरलीचा डावा हात उगाच हवेत हलत असे, आणि आबाजी हसत.

दुसरी गोष्ट चाकाची. पेटीला मींड येत नाही, हे पेटीवाल्यांना ठाऊकच आहे. कंट्रोलरच्या डाव्या अंगाला एक चाक असते, ते पुढे-मागे केले की सूर ओढला जातो. बहुतेक प्रोग्रामांत नेहमीची मर्यादा वर-खाली दोन-दोन पट्ट्यांची. बासरी, सनई, सारंगीचा आवाज लावायचा असेल तर हे चाक हवेच. काहींना त्याऐवजी कांडी असते, काहींना नुसती बटणे. बटणाने मींड निघत नाही, धक्का बसतो.

अखेर आम्ही एम-ऑडिओचे कीस्टेशन ४९ घेतले, तेही वापरलेले. नागपूरच्या एका विद्यार्थ्याला मोठे घ्यायचे होते, त्याने साडेपाच हजारांत दिले. वापरलेले घेताना संगणकाला जोडून प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबावी, पडद्यावरचा आकडा बदलतो का पाहावे. चाक सोडल्यावर मधोमध परत येते का, तार खुपसण्याची जागा सैल तर नाही ना, तेही पाहावे. नव्या कंट्रोलरबरोबर बहुधा एबल्टन लाइव्ह लाइटसारखा प्रोग्राम फुकट मिळतो. जुन्यात तो क्रमांक आधीच वापरलेला असतो. हे वाद्य यूएसबीवरच चालते. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम थांबत नाही, हा शहापुरात लहान फायदा नव्हे.

प्रोग्राम म्हणून एलएमएमएस आणि ऑडॅसिटी हे दोन्ही फुकट वापरतो. पहिल्यात वाद्ये वाजवायची. त्याच्या आमच्याकडच्या १.२ आवृत्तीत गळा भरता येत नाही, म्हणून गाणे दुसऱ्यात भरायचे. एफएल स्टुडिओ मुलांना फार आवडतो, परंतु विकत न घेता वापरला तर ठेवलेले काम पुन्हा उघडत नाही, हे आधी माहीत असावे. दोनशे रुपयांत चोरीचा प्रोग्राम टाकून देणारे भेटतात. आबाजींची गाणी ज्या लॅपटॉपवर आहेत त्यात आम्ही ते येऊ दिले नाही. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा आला तर सेटिंगमधला बफरचा आकडा ५१२ वरून २५६ करावा, उशीर निम्मा होतो. फार खाली नेला तर आवाज तुटतो. आणि इअरफोन तारेचाच घ्यावा, ब्लूटूथचा स्वतःचा उशीर असतो.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले ती गोष्ट. आबाजींचा आवाज पूर्वी काळी दोनमध्ये लागे. आता पांढरी एकच्या वर चढत नाही, आणि दम लागला त्या दिवशी त्याहीपेक्षा खाली. जुन्या टेपवर पेटी भरली असती तर सूर उतरवण्यासाठी टेप सावकाश चालवावी लागली असती, आणि लयही पडली असती. मिडीत आपण आवाज भरतच नाही, निरोप भरतो. थोरली तिच्या सवयीच्या काळी दोनमध्येच वाजवते आणि बटणाने तीन पट्ट्या खाली उतरवते. आबाजी दुसऱ्या दिवशी आणखी उतरले तर वाजवलेले सगळे तसेच आणखी खाली सरकवता येते, लय न हलवता. लय सावकाश हवी असेल तर ती वेगळी बदलते, सूर न हलवता. एका ओळीनंतर त्यांना श्वास घ्यायला जागा हवी होती, तेथे थोरलीने दोन मात्रांचा वाद्यतुकडा घातला. "पार्टीतला पेटीवालाही एवढे ऐकत नव्हता," असे आबाजी म्हणाले.

रबरी चौकोन नसल्याने ढोलकीचे काय, असा प्रश्न निघाला. पट्ट्यांवर ढोलकी वाजवून पाहिली. बोल निघतात, पण थापेला घुमारा येत नाही. शेवटी पुतण्या खरी ढोलकी घेऊन बसतो. उरलेल्या पैशांतून यूएसबीचा माइक, स्टँड आणि इअरफोन आले, आणि सातशे रुपये गटात परत गेले. रस्त्यावर रात्रभर ट्रक चालतात, म्हणून खिडकीला दोन वाकळी टांगून पहाटे चार ते पाच गळा भरतो. त्या वेळी आबाजींचा श्वासही जरा मोकळा असतो.

आतापर्यंत नऊ गाणी झाली. दहावे १९५४ चे आहे. त्यातल्या मधल्या कडव्याची चाल आबाजी एके दिवशी एक गातात, दुसऱ्या दिवशी दुसरी, आणि खरी कोणती हे त्यांनाही सांगता येत नाही. थोरलीने दोन्ही वाजवून ठेवल्या आहेत.