घाई नसलेला डेबियन

नवी आवृत्ती कधी, असं विचारलं की डेबियन या लिनक्स संगणकप्रणालीचं उत्तर ठरलेलं : तयार झाली की. हल्ली ती दोनेक वर्षांनी तयार होते. तोवर मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात आणि बटणं काल होती तिथंच आज सापडतात. रोज पत्रं नि हिशेब करणाऱ्याला आणखी काय हवं? नव्याची हौस असलेल्यांना तो कंटाळवाणा वाटतो, आणि तसा तो आहेही.

जन्म ऑगस्ट १९९३चा. इयान मरडॉक या अमेरिकी विद्यार्थ्यानं मैत्रीण डेब्राचं आणि स्वतःचं नाव जोडून याचं बारसं केलं. पुढं त्यांचं लग्न झालं, मोडलंही. २०१५मध्ये मरडॉक गेला. डेबियनचं काही अडलं नाही, कारण त्याला मालक असा नाहीच. जगभरचे स्वयंसेवक दरवर्षी मतदान करून आपला प्रमुख निवडतात. २००४ साली डेबियनच्याच घरातून उबुंटू ही प्रणाली बाहेर पडली आणि गाजली. डेबियनला त्याचं वैषम्य दिसत नाही.

चेहरा गंभीर, पण खोडकरपणा आहे. आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतल्या पात्रांची : वुडी, बुकवर्म, ट्रिक्सी. जिथं नवं सामान आधी येऊन आदळतं ती शाखा कायमची ‘सिड’, म्हणजे खेळणी मोडणारा तो पोरगा. टर्मिनलमध्ये ‘एपीटी मू’ असा हुकूम द्या. अक्षरांची गाय उभी राहते आणि आज हंबरलात का, असं विचारते.

तत्त्वांच्या बाबतीत मात्र सोवळा. वाय-फायच्या चिपला लागणारं फर्मवेअर बहुधा कंपन्यांच्या कुलपात असतं, म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते कित्येक वर्षं नव्हतं. परिणाम असा, की नव्या लॅपटॉपवर हा थाटात उभा राहायचा आणि इंटरनेट मात्र नाही! मग दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हनं फर्मवेअर आणा, नाहीतर मोबाइल केबलनं जोडा. अखेर २०२२मध्ये मतदान झालं आणि २०२३च्या बुकवर्मपासून सोवळं जरा सैलावलं. मला विचाराल तर उशीरच झाला.

मराठीशी त्याचं जमतं. इनस्क्रिप्ट कळफलक निवडला की लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट बसतात. छापखान्यातून पेजमेकरची जुनी फाइल आली की पंचाईत. युनिकोडपूर्व फॉन्टातला मजकूर इथं रोमन चिन्हांचा चिवडा होऊन उघडतो. दोष त्याचा नाही, पण बोलणी त्यालाच खावी लागतात.

विंडोज ११ ज्यांना दारात उभं करत नाही असे धडधाकट लॅपटॉप हा घरात घेतो. पैसे मागत नाही, ऑनलाइन खातं उघडायला लावत नाही. ३२ बिटांच्या पीसींना मात्र २०२५च्या ट्रिक्सीत इन्स्टॉलर नाही. त्यांनी बुकवर्मवरच थांबावं.